उंदरांची चाल ओळखणारे देवाजी

देवाजी शेंडे कन्हानहून सायकलनं यायचे आणि आमच्या कॉलेजच्या उंदीरघरात दिवसभर राबायचे. अक्षरओळख नव्हती, पण दीडशे पांढऱ्या उंदरांतला कोण कुठला, हे नुसत्या चालीवरून सांगायचे. १९८२ साली मी तिथे पीएच.डी. करत होते. माझ्या उंदरांच्या एका वाणात पिढीजात दोष होता. मेंदूतल्या पेशी जिथे एकमेकींना भिडतात, तिथेच निरोप अडायचा आणि दोनेक महिन्यांत उंदीर झोकांड्या खायला लागायचा. त्याआधी ही पिल्लं दांडीवरून चालायला शिकतात का, ते मला बघायचं होतं. दुसरा वाण निरोगी, तुलनेपुरता.

एका शनिवारी वजन करताना घाईत दोन्ही वाणांची पिल्लं मी एकाच पिंजऱ्यात टाकली आणि उमरेडची एसटी गाठायला पळाले. घरी मला बघायला पाहुणे येणार होते. सोमवारी आले तर विभागप्रमुख पिंजऱ्यापाशी उभे, शेजारचा पिंजरा रिकामा.

"कोणाचा हा गाढवपणा?"

दोन वर्षांचं काम डोळ्यांपुढे आलं. मी म्हणाले, "सर, पिंजरे धुतल्यावर देवाजींनी टाकली असतील. त्यांना पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येत नाहीत ना."

इतकं सहज खोटं बोलले मी! तिथेच उभ्या असलेल्या देवाजींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. "झालं असन साहेब, माह्याच हातानं," म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची रवानगी बागेत झाली.

पिल्लं सगळी सारखीच पांढरी. चार दिवस डोळे ताणले, काही कळेना. शेवटी निर्लज्जासारखी बागेत गेले.

"आधीच पुसाचं होतं ना बाई," म्हणत ते उठले. हात धुतले. जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, एकेक पिल्लू टेबलावर चालवून बघितलं. "हा मांगचा पाय जरासाक उशिरा उचलते. हा इकडे." अकरा इकडे, नऊ तिकडे. पुढे ती अकराच्या अकरा झोकांड्या खाऊ लागली. तिकडचं एकही नाही.

तेव्हा तरी सरांकडे जायला हवं होतं. गेले नाही. देवाजी बागेतूनच निवृत्त झाले. प्रबंधात मी लिहिलं, की पिल्लं मीच चालीवरून ओळखली. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी माझ्या नजरेचं फार कौतुक केलं, आणि मी मान लववून "थँक यू सर" म्हणाले.