एकाच डब्याच्या तीन फेऱ्या

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, की तुमच्या तिकडच्या पार्कातल्या त्या रोलर कोस्टरचा डबा पहिल्या वेळी भिंगरीसारखा फिरला आणि दुसऱ्या वेळी, त्याच डब्यात बसूनही, जेमतेम वळला, असं का? तुमचे बाबा मागून म्हणाले, "नशीब." तुमच्या बाबांना विज्ञान मीच शिकवलं आहे, त्यामुळे हे उत्तर मला मुळीच मान्य नाही.

खरं उत्तर मला मुक्ताईनगरच्या यात्रेत मिळालं. मिळालं म्हणजे मी ते घेतलं. कोणी देत नव्हतं.

यात्रेत 'ब्रेक डान्स' नावाचा खेळ येतो. एक मोठी गोल, जरा कललेली लोखंडी फळी मोटरवर फिरते. तिच्यावर तिघं बसतील असे अर्धगोल डबे असतात. डब्यांना स्वतःची मोटर नसते. प्रत्येक डबा आपल्या खुंट्यावर मोकळा असतो, वाटलं तर फिरतो, नाही तर नाही. तुमच्या रोलर कोस्टरचा डबाही असाच मोकळा असतो, फक्त तो रुळांवरून धावतो.

"मला यात बसायचंय," मी म्हटलं.

तुमचे आजोबा गेल्यापासून या घरात माझ्या प्रत्येक इच्छेवर आधी बैठक बसते. गच्चीवर जायचं तर मागे कोणीतरी हवं, बाजारात जायचं तर पुढे कोणीतरी. सगळं प्रेमापोटी चालतं, आणि प्रेमाशी भांडायला लोक लाजतात. मी लाजत नाही.

"वहिनी, तुम्ही आकाशपाळण्यात बसा ना," धाकटे दीर म्हणाले. "नाहीतर इथे खुर्ची आणतो. बाहेरून बघा."

"बाहेरून बघायला घरी टीव्ही आहे, भाऊजी."

"अक्का, दात पडले तर शोधायचे कुठे?" जाऊबाईंनी टोला मारला.

"माझे माझेच आहेत. तू तुझी कवळी काढून ठेव."

माघार नाही म्हटल्यावर दिरांनी सूत्रं हातात घेतली. जन्मभर त्यांनी केळीचे घड ट्रकमध्ये भरून उत्तरेला पाठवले. त्यांचा एकच कायदा, भार दोन्हीकडे सारखा हवा, नाहीतर घाटातल्या वळणावर माल जातो. शिवाय आमच्याकडची रीत अशी, की जीप असो वा बैलगाडी, वडीलधाऱ्या माणसाला मधे बसवायचं आणि दोन्ही बाजूंनी धडधाकट माणसं लावायची. त्यांनी जाऊबाई आणि त्यांची सून यांना नजरेनेच तोललं आणि माझ्या दोन बाजूंना एकेक ठेवलं. मी मधे, पाचर ठोकल्यासारखी.

फळी फिरू लागली. समोरच्या डब्यात एक आडव्या अंगाचा नवरा आणि काडीसारखी बायको बसली होती. त्यांचा डबा गरागरा फिरत होता, बायको किंचाळत होती, नवरा देवाचं नाव घेत होता. आमचा डबा पाळण्यातलं बाळ झोपवावं तसा डुलला. आम्ही उतरलो तेव्हा माझ्या केसाची पिनसुद्धा हलली नव्हती.

"झाली हौस?" दिरांनी विचारलं.

"नाही झाली. आता तुम्ही चला."

मी त्यांना एका टोकाला बसवलं, त्यांना चिकटून मी, आणि दुसरं टोक रिकामं. दीर वजनदार आहेत, हे तुम्हाला फोटोंवरून माहीत आहे. भार खुंट्याच्या बरोबर वर असला तर डब्याला वळायचं कारणच उरत नाही. तो एका बाजूला असला की फळी फिरताना ती बाजू बाहेर ओढली जाते, उतारावर खाली धावते आणि डब्याला बरोबर घेऊन जाते. आम्हाला नेलं. तिसऱ्या का चौथ्या गिरकीला दीर ट्रकवाल्यावर ओरडावं तसे ओरडले, "अरे ब्रेक मार रे बापा, ब्रेक मार!" मी हसत होते. पुष्कळ दिवसांनी, आणि कोणी धरलेलं नसताना.

पण एका प्रयोगावर निष्कर्ष काढत नाहीत. तीच माणसं, त्याच जागा, तोच डबा, पुन्हा एकदा बसायला हवं होतं. दीर तयार होईनात.

"ट्रकच्या ट्रक भरणारा माणूस," जाऊबाई आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एका डब्याला भ्याला हो!"

दीर चढले. या वेळी डबा आधी उलट्या बाजूला हळूच वळला, मधेच थबकला, आणि ध्यानीमनी नसताना सुटला. सुरुवातीला त्याचं तोंड दुसरीकडे होतं. या खेपेला दिरांनी अंग माझ्याकडे चोरलं होतं. खुंट्यातलं वंगणही एव्हाना तापून पातळ झालं असेल. सुरुवातीचे फरक तिळाएवढे असतात, पण प्रत्येक गिरकी आधीच्या गिरकीवर उभी राहते, म्हणून शेवटी दोन फेऱ्या एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. कारणं सगळी असतात. ती तंतोतंत मोजून आधीच सांगणं कोणालाच जमत नाही. त्याला नशीब म्हणायचं नसतं.

संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. कोणीतरी चित्रफीत पाठवली होती.

"आई, पुन्हा बसणार नाहीस असं वचन दे."

"तुझी मुलं बसतात ना?"

"ती लहान आहेत."

"म्हणजे त्यांची हाडं अजून वाढायची आहेत. माझी वाढून झाली."

"हसण्यावारी नेऊ नकोस. काही झालं म्हणजे?"

मी हसण्यावारी नेत नव्हते. माझी नाडी, माझे गुडघे आणि बीपीची गोळी यांची खबर मला त्याच्यापेक्षा जास्त आहे, आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनीही मला कशाला बंदी केलेली नाही. हे मी त्याला शांतपणे सांगितलं. वचन दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच एसटीने मुक्ताईनगरला गेले. खेळवाला धुळ्याकडचा होता. त्याने माझ्या मागे सोबत शोधली.

"आजी, एकलीच शे का?"

"एकलीच."

त्याने माझ्यासमोर अडसराचा दांडा लावला, दोनदा हलवून पाहिला. डबा कुठल्या बाजूला वळेल हे मला सांगता आलं नसतं, आणि या वेळी विचारणारंही कोणी नव्हतं. हे बाबांना सांगू नका, असं मी म्हणणार नाही. खुशाल सांगा.