अर्धा वळसा
मशीनच्या तेलाचा वास आला की मला किन्हीराजा गावातलं आमचं अंगण आठवतं. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष होतं. माझ्या शिलाई मशीनच्या चाकातला वायसर, म्हणजे दातांची चकती, झिजला, तेव्हा मोठ्या दिरांनी मंगरूळहून नवीन आणून स्वतःच बसवला. चाक गरगर फिरे, पण सुई जागची हलेना. "मशीन कामातून गेली, माय. बाजारात इकून टाकू," ते सासूबाईंना म्हणाले. माहेरहून आलेली ती मशीन, त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. पण मोठे दीर आणि भावजय एकमेकांशी बोलत नसत, अशी रीत होती, आणि मी तर मुळातच लाजरी. मी पदर पुढे ओढला आणि पेचकस उचलला. "चौथी शिकलेली बाई मले शिकवून राह्यली काय वं, माय?" दीर हसले. जुना वायसर मी कितीदा काढून पुसला होता. त्याचे दात खाचेत दोन्ही बाजूंनी बसतात, पण चाकाला धरतात एकाच बाजूनं. मी नवा वायसर अर्धा वळसा फिरवून बसवला, वरचा पेच आवळला आणि पाय मारला. सुई खाली गेली, टाका पडला. मी चिंधीवर शिवतच राहिले. "माय, तिले म्हण, बस कर आता," दीर ओरडले. सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणतं रे? या मशीनच्या आवाजात मले काई आयकू येत नाई." दीर उठून जाईपर्यंत मी पाय थांबवला नाही. चारचौघांत माझा आवाज अजूनही फुटत नाही, पण त्या मशीनला पेचकस मी आजही कुणाला लावू देत नाही.