तंद्रीबाईंचं बिल्ड

ऑफिसात तिला सगळे तंद्री म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि तीही ओ देई, फक्त दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला. साहेब तेवढे आदराने तंद्रीबाई म्हणायचे.

कंपनी लहानशी होती, कान तपासायच्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी. पेशंटने हेडफोन लावायचा, बारीक बारीक आवाज येतात, ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच ते काम. पण त्याच्या मागे बरेच प्रोग्रॅमर आपापले तुकडे लिहीत बसलेले असत. ते सगळे तुकडे जुळवून एक चालतं सॉफ्टवेअर करायचं काम तंद्रीचं. त्याला तिथे 'बिल्ड लावणं' म्हणत. जेवणं उरकली की ती सगळ्यांचा कोड आपल्या कॉम्प्युटरवर ओढून घेई, आज्ञा देई, आणि पडद्यावरून पांढऱ्या ओळी वर सरकू लागत. पाऊण तास सरकत राहत. तेवढा वेळ त्या कॉम्प्युटरला कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. नियम तिनेच केला होता.

त्या पाऊण तासात ती ऑफिसात नसे. बघता बघता त्या ओळींचं पाणी होई, खालून वर वाहणारं. खिडकीबाहेर समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी चादरी वाळत असायच्या. वारा आला की त्या फुगत, आणि तिला वाटे, निघाली आता ही इमारत. मग इमारत खरंच निघे. हळूच रस्ता सोडून, झाडांच्या शेंड्यांवरून, कसलाही आवाज न करता. तंद्री तिच्यात कुठल्या तरी खोलीत बसलेली असे आणि खालून गावं जात. एका गावात सगळी माणसं छपरांवर उभी राहून वर बघत होती. एका गावात कुणीच नव्हतं, फक्त एका अंगणात नळ टपकत होता.

"झालं का बिल्ड?" पलीकडच्या टेबलावरचा वकील विचारायचा. तो होता प्रोग्रॅमरच, पण प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा म्हणून वकील.

"होतंय," ती दुरून म्हणायची.

एके दिवशी ती जरा जास्तच लांब गेली. परत आली तेव्हा ओळी थांबल्या होत्या. तशाच अर्धवट तंद्रीत तिने झालेलं बिल्ड पाठवायच्या जागी कुठलं तरी जुनं, अर्धकच्चं उचलून दवाखान्यांना पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका दवाखान्यातून नर्सचा फोन आला. पडद्यावर डावा कान निवडला की आवाज पेशंटच्या उजव्या कानात येत होता. पहिल्याच पेशंटच्या वेळी नर्सच्या लक्षात आलं, म्हणून निभावलं.

"या कानाचं त्या कानाला कळू देऊ नये म्हणतात," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "आपण तर थेट पोचवलं."

सगळे हसले. तंद्रीला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. नंतर साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"रागावलेलो नाही मी. पण माणसाचं लक्ष उडतं, यंत्राचं उडत नाही. आपण बिल्ड आपोआप लागेल असं करू. कुणीही कोड जमा केला की लगेच. आणि ते तुम्हीच बसवायचं."

"मीच?"

"तुम्ही रोज नेमकं काय करता, ते दुसऱ्या कुणाला माहितेय?"

मला तरी कुठे माहितेय, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा, तोही शिस्तीत, तसं ते काम होतं. पण तिने मन लावून केलं. झेरॉक्सच्या खोलीत अडगळीत पडलेला एक कॉम्प्युटर पुसून घेतला. त्यावर बिल्ड लावणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि त्याला एकेक पायरी शिकवली: नवा कोड आला का बघ, आला तर जुळव, मग तपासण्या चालव, सगळं ठीक असेल तर पडद्यावर हिरवा ठिपका दाखव. नसेल तर लाल, आणि ज्याच्यामुळे बिघडलं त्याला कळव.

"म्हणजे चहाडखोर यंत्र," वकील म्हणाला.

"चहाडी नाही. खरं सांगतं फक्त."

"तेच ते."

ठिपका लाल आला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. तोच कोड, त्याच आज्ञा. तिच्या कॉम्प्युटरवर सगळं सुरळीत आणि इथे अडतंय. हळूहळू तिच्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत तिने आपल्या कॉम्प्युटरवर हाताने बारीकसारीक कायकाय टाकून ठेवलं होतं. त्याची कुठे नोंद नाही की आठवण नाही. शोधून शोधून तिने बरंचसं जमवलं. तरी शेवटची तपासणी अडायचीच. आवाज वाजवायची वेळ आली की ते यंत्र मुकं व्हायचं.

रविवारी ती आत्याबरोबर मटार सोलत बसली होती. आत्यानेच तिला लहानाचं मोठं केलं, आणि आता दोघीच घरात होत्या. आत्याला कमी ऐकू यायचं, पण ते तिला मान्य नव्हतं.

"कशात अडकलीयस गं?"

"बिल्ड लागत नाहीये, आत्या."

"बिल? मग भरून टाक."

"बिल नाही गं, बिल्ड!" मग तिने सगळं समजावून सांगितलं, कानाशी वाकून.

आत्याने एक शेंग मोडली. "रोज करत होतीस ना? मग हातांना विचार. भाजीत मीठ किती घालतेस असं कुणी मला विचारलं तर नाही सांगता यायचं. डब्यात हात गेला की कळतं."

तंद्रीने डोळे मिटले. बोटं शेंगा सोलत राहिली. ऊन पायांवर आलं होतं. मग ती दुपार आली, खिडकी आली, चादरी फुगल्या, इमारत हलली. पण या वेळी ती इमारतीबरोबर गेली नाही. मागे वळून तिने स्वतःकडे पाहिलं. खुर्चीत एक बाई बसली होती. नजर बाहेर, आणि उजवा हात आपला आपण चाललेला. पहिली आज्ञा देण्याआधी तो हात दुसऱ्याच कुठून तरी एक फोल्डर ओढून आणत होता. रोज. ती बाई त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"आवाज!" ती ओरडली. "आवाजांचं फोल्डर!"

"हळू बोल," आत्या म्हणाली. "बहिरी नाहीये मी."

सोमवारी ठिपका हिरवा झाला. सगळे त्या चिंचोळ्या खोलीत दाटीवाटीने उभे राहून बघत होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तासाभरात वकिलाने काहीतरी घाईघाईने जमा केलं, ठिपका लाल झाला, आणि पहिली चहाडी त्याचीच झाली. त्यावर तो संध्याकाळपर्यंत वाद घालत होता.

त्यानंतर दुपारी कुणी तंद्रीला काही विचारेना. तिला नवी कामं मिळाली आणि ती चांगली जमलीही. खिडकी तिथेच होती, चादरीही वाळत होत्या, पण इमारत काही केल्या हलेना. पूर्वी ती काम करत होती आणि काम करता करता निघून जात होती. आता नुसतं बघत बसलं की चोरी केल्यासारखं वाटे.

"हल्ली पहिल्या हाकेला ओ देतेस," आत्या एकदा म्हणाली. "बरं नाहीये का तुला?"

तेव्हा कुठे ती साहेबांकडे गेली. "मला दुपारी थोडा वेळ हवाय."

"कशासाठी?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे... काहीच न करण्यासाठी."

तिला वाटलं, आता साहेब हसतील. ते हसले नाहीत. ड्रॉवरमधून एक किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "आवाजबंद खोलीची. जेवणानंतर तिथे कुणी नसतं."

ती खोली हेडफोन तपासण्यासाठीची, एका मोठ्या कपाटाएवढीच. भिंतींना जाड फोम, दार मिटलं की बाहेरचं जग पुसलं जाई. पहिल्या दिवशी तंद्रीला स्वतःचा श्वास ऐकू आला, मग त्याच्याही खाली, कानांत वाहणारं रक्त. लांबच्या नदीसारखं. ती त्या आवाजाच्या काठाकाठाने चालत गेली. इमारत लागली नाही, चादरी लागल्या नाहीत. पाय गार पडले, आणि खाली बघितलं तर वाळू.

असे बरेच महिने गेले. मग एका दुपारी तिने दार उघडलं तर आत साहेब, खुर्चीत, डोळे मिटलेले. ती मागे फिरणार एवढ्यात ते डोळे न उघडताच म्हणाले, "दुसरी खुर्ची आहे की."

ती बसली. दार मिटलं.

बाहेर आल्यावर चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठवर जाता हो?"

"ठरलेलं नसतं."

"हं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला वाटेत एक जिना लागतो. रोज खालीच अडकायचो. आज वर गेलो."

"काय आहे वर?"

"दार आहे," ते म्हणाले, आणि फोन वाजत होता म्हणून केबिनकडे गेले.