पेटी काही मी सोडली नाही

माझी फजिती ऐकायची असेल तर हातातला चहा आधी संपवा, नाही तर कप खाली ठेवा. का ते शेवटी कळेल. मी काही सांगायला लागलो की लोकांच्या हातून वस्तू पडतात, असा माझा लौकिक आहे. या वेळी तर एक अख्खा शेठ पडला, तोही तलावात.

पहिल्यापासून सांगतो. माझा मोठा भाऊ दिनू कॅमेऱ्याच्या कामावर होता. गोंदियात लग्नाचं शूटिंग करता करता तो नागपूरच्या रेवाताईंकडे लागला. रेवाताई सिनेमे काढतात. मोठे नाही, आपले घरगुती, मोजक्या माणसांचे. गोष्ट त्यांनीच लिहायची, कॅमेरा त्यांनीच चालवायचा, आणि पैसे देणारा माणूसही त्यांनीच शोधायचा. त्यांच्या लेन्सची पेटी दिनूकडे असायची. काळी, टणक. झाकणावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करने लिहिलेलं ‘दिनू’.

गेल्या पावसाळ्यात दिनू तापाने गेला. ताप डोक्यात चढला म्हणाले. डॉक्टर काय काय सांगत होते, मला त्यातलं काही कळलं नाही, अजूनही कळत नाही. माणूस सकाळी पोहे मागतो आणि मग मागतच नाही, हे कसं काय?

असो. चहा गार होईल.

रेवाताई आईला भेटायला आमच्या गावी, कुडव्याला, आल्या. निघताना म्हणाल्या, देवरीकडे तलावावर शूटिंग आहे, दिनूच्या जागी कोणी तरी बघावं लागेल. मी ताडकन उभा राहिलो.

“मी येतो ना ताई. मले सगळं येते.”

“काय काय येतं?”

“सगळं.”

आता तुम्ही विचाराल, तू कॅमेरा कधी हातात धरला होता का? मोबाइलचा धरला होता. त्यातही माझं बोट येतं मध्ये. मी पंक्चरच्या दुकानात कामाला होतो आणि शाळा आठवीतच मला कंटाळली होती. पण तोंडातून निघून गेलं. माझ्या तोंडाला ब्रेक नाही.

रेवाताईंनी आईकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, “तलावाचा सीन होईपर्यंत बघते. जमलं तर जागा तुझी आणि पेटीही तुझी. नाही जमलं तर बस धरून परत यायचं. रागवायचं नाही.”

मी मान हलवली. खरं सांगतो, मला त्या वेळी दुसरं काहीच नको होतं. ती पेटी भलत्याच्या हातात गेली असती, त्याने पट्टी खरवडून आपलं नाव टाकलं असतं, हे माझ्याने बघवलं नसतं.

तिथे गेलो आणि डोकं फिरलं. अहो, तिथे कोण कशाची वाट बघतो हेच कळत नाही. सगळे पळतात, मग एकदम सगळे थांबतात. कोणी म्हणालं, “सावली हलव रे.” मी वर झाडाकडे पाहिलं. एवढं मोठं मोहाचं झाड मी कसं हलवणार? मग कळलं की सावली माझीच होती.

मला सांभाळलं शेंडेकाकांनी. रेवाताईंच्या कॅमेऱ्याचा फोकस काका बघतात. वाळलेल्या तुरीच्या काडीसारखे बारीक, कमरेला पाऊच, आणि दिनूला त्यांनीच शिकवलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

“बाबू, काचेले बोट नाही लावायचं. वायरीवरून उडी नाही मारायची. पेटीवर बसायचं नाही. अन् भात दिसला का खाऊन घ्यायचा, पुढचा भात कवा दिसन भरोसा नाही.”

“अन् पाय दुखले तं?”

“तं दुखू द्यायचे.”

मग त्यांनी मला ती खरी गोष्ट सांगितली. पेटी माझ्या हातात दिली, पण स्वतः सोडली नाही.

“ओढ.”

मी ओढली. काकांनी धरूनच ठेवली.

“बोल, घेतलं.”

“घेतलं.”

तेव्हा कुठे त्यांनी हात काढला. म्हणाले, “कॅमेऱ्याच्या कामात हा कायदा आहे. लेन्स असो, कॅमेरा असो, पेटी असो. समोरच्यानं ‘घेतलं’ म्हटल्याबिगर आपला हात सुटला नाही पायजे. दोघंबी समजतात का दुसऱ्यानं धरलं, अन् वस्तू जाते खाली.”

“अन् समोरचा बोललाच नाही तं?”

“तं सोडायचं नाही.”

दवाखान्यात हा कायदा मला कोणी सांगितला नव्हता. तिथे ‘सोड आता’ म्हणाले आणि मी सोडला दिनूचा हात.

तर तलावाचा सीन. गावातल्याच एका आजीला रेवाताईंनी सिनेमात घेतलं होतं. आजीने तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसायचं, पाण्याकडे बघायचं आणि हळूहळू रडायचं. बोलायचं काही नाही. सूर्य टेकला की एकदाच मिळणार असा सीन. रेवाताईंनी सगळ्यांना बजावलं होतं, आज पाण्याचा आवाज हवा, माणसाचा नको. खोकला आला तर गिळा.

काकांनी मला पाळीच्या दुसऱ्या टोकाला, झाडाखाली उभं केलं आणि पेटी माझ्या हातात दिली.

“घेतलं,” मी म्हणालो.

“शाब्बास. इथून हलायचं नाही. हायवे जवळ आहे, चोराचिलटाचा भाग आहे. कोणालेबी देऊ नोको.”

कॅमेरा रोल झाला, म्हणजे चालू झाला. सगळं चिडीचूप. दूर पाळीवर आजी बसली. मी पेटी उराशी धरून श्वाससुद्धा जपून घेत होतो. आणि तेवढ्यात मागून एक माणूस आला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. तुम्हीच सांगा, तलावावर पांढरे बूट घालून कोण येतो? मला तर तिथेच संशय आला.

तो हसला आणि पेटीला हात घातला. कुजबुजला, “ला बेटा, हम पकड़ते हैं.”

तरी मी पेटी पुढे केली. म्हटलं, युनिटचा असेल, ताईंनी बोलावला असेल. त्याने ओढली. मी वाट पाहिली. तो काही बोलेना. मग मीही सोडेना.

“छोड़ ना,” तो हळूच म्हणाला.

“आधी बोला,” मीही हळूच.

“क्या बोलूँ?”

झालं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॅमेऱ्याचा माणूस असता तर त्याला कायदा माहीत असता. याला माहीत नाही, म्हणजे हा चोर. आता काय बोलायचं ते मी त्याला सांगून टाकावं काय? उद्या मग कोणीही चोर येईल, ‘घेतलं’ म्हणेल आणि पेटी घेऊन जाईल. म्हणून मी म्हणालो, “जे बोलाचं असते ते बोला.”

त्याने विचार केला. “प्लीज.”

“नाही.”

“थँक्यू.”

“नाही.”

“राम राम?”

“अंहं.”

हे सगळं कुजबुजत बरं का. तिकडे कॅमेरा चालू, आजी पाण्याकडे बघून राहिली, आणि इकडे आम्ही दोघं एका पेटीला धरून लग्नातल्या नवरानवरीसारखे गोल फिरून राहिलो.

“जानता है मैं कौन हूँ?” त्याने दात आवळून विचारलं.

“तेच तं विचारून राहिलो तुमाले.”

“अरे, ये सब अपना ही है.”

“चोर असंच म्हणते.”

त्याचा चेहरा लाल झाला. पण आवाज काही त्याने चढवला नाही. मला नवलच वाटलं. म्हटलं, किती शिस्तीचा चोर आहे, याला शूटिंगची काळजी आहे. त्याने पेटी जोरात ओढली. मी दिनूचं नाव बघितलं आणि दुप्पट जोराने ओढली. माझा पाय घसरला.

पाळीची तलावाकडची बाजू तुम्ही पाहिली आहे का? वर गवत, मधे बेशरमाची झुडपं, खाली चिखल आणि मग शिंगाड्याचे वेल. आम्ही त्याच क्रमाने गेलो. दोघंही आडवे, पेटी मधे, आणि तोंडातून एक शब्द नाही. बेशरमाच्या काड्या मोडत होत्या, माझं कोपर सोलून निघालं, त्याचा एक बूट वरच राहिला. तरी मी ओरडलो नाही आणि तोही ओरडला नाही. शेवटी डुबुक झालं. बगळे उडाले.

छातीभर पाण्यात मी पेटी डोक्यावर धरून उभा होतो. चोर शेजारी, डोक्यावर शिंगाड्याचा वेल, पण एक हात अजून पेटीलाच. मी आजीकडे पाहिलं. तिला रडायचं होतं. ती तोंडाला पदर लावून हसत होती, सगळं अंग हलवून.

“कट,” रेवाताई म्हणाल्या. आवाजात जीव नव्हता.

सगळे धावत आले. मी पाण्यातून ओरडलो, “ताई, चोर पकडला. पेटी सोडली नाही मी.”

रेवाताईंनी डोळे मिटले. शेंडेकाका म्हणाले, “अरे बाबू, शेठजी आहेत ना ते.”

गोंदियातले मोठे राईस मिलवाले शेठ. या सिनेमाला पैसे तेच देत होते. बिचारे पहिल्यांदाच शूटिंग बघायला आले होते, आणि म्हणत होते की आपणही थोडा हात लावावा, पेटी उचलावी, कामात आहोत असं वाटावं. गप्प का होते तेही कळलं. वाटेत त्यांना कोणी तरी सांगितलं होतं, आवाज झाला तर सीन जाईल. सिनेमा त्यांचाच ना. स्वतःच्या सिनेमासाठी माणूस बिनआवाजाचा बुडाला.

मला वाटलं, गेली जागा. परतीची बस धरा. पण एक मनात होतं, पेटी तर वाचवली. एवढं तर ताई मानतीलच.

काका चपला काढून पाण्यात उतरले. त्यांनी पेटी धरली. “घेतलं,” म्हणाले.

माझे हात सुटेनात. का सुटत नाहीत तेच मला कळेना.

“घेतलं ना बाबू. बरोबर धरली मी. सोड आता.”

मी सोडली.

काठावर त्यांनी पेटी उघडली, पाणी गेलं का बघायला. मी वाकून पाहिलं. आत स्पंज, स्पंजात गोल गोल खड्डे, आणि खड्ड्यांत काही नाही. एक लेन्स कॅमेऱ्यावर होती, बाकीच्या काकांच्या पाऊचमध्ये.

“काका, रिकामी होती?”

“मंग. सीन चालू असताना भरली पेटी कोन दूर ठेवते?”

“मंग मले धरून काऊन उभं केलं?”

काका स्पंज पिळत होते. “तुले हातात काही लागते. हात खाली राहिले का तू तिकडं कॅमेऱ्याजवळ दिनू बसायचा त्या जागेकडं पाहून राहतो.”

नाकात पाणी गेलं होतं, ते पुसत बसलो. बराच वेळ पुसत बसलो.

शेठजींना टॉवेल दिला, चहा दिला. ते एक पाय बुटात आणि एक चिखलात ठेवून माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, “बोलना क्या था, वो तो बता दे.”

“‘घेतलं’ म्हणायचं होतं, शेठजी.”

“बस? इतना सा?”

“हो.”

“तो बताया क्यों नहीं?”

मी पाळीवरून त्यांचा राहिलेला बूट आणून पुढे ठेवला. शेठजी रेवाताईंना म्हणाले, “मैडम, मेरे मिल में भरे बोरे के लिए कोई पसीना नहीं निकालता. ये खाली डिब्बे के लिए डूब गया. इसको रखो. लेकिन मुझसे दूर रखो.”

मग त्यांनी तो सीन बघायला मागितला. छोट्या पडद्यावर आजी, पाणी, मावळता उजेड, आणि मागे कोपऱ्यात दोन माणसं काही न बोलता झुडपांतून खाली जाताना. शेठजींनी परत लावायला सांगितला. आणि परत.

“ये रखना,” ते म्हणाले. “इसमें मैं हूँ.”

रेवाताईंनी डोक्याला हात लावला. पण तिसऱ्यांदा बघताना त्याही म्हणाल्या, आजीचं हसू मात्र खरं आलंय, रडण्यापेक्षा बरं. म्हणजे तो सीन आता सिनेमात आहे. कॅमेऱ्यामागे जागा मिळवायला गेलेला माणूस कॅमेऱ्यापुढे निघाला, तोही पाठमोरा, चिखलात, रिकामी पेटी घेऊन. जागा मिळाली. पेटी माझीच आहे, पट्टी तशीच आहे. फक्त भरली असली की काका एक हात लावून असतात.

शेठजींनी सीनचा तुकडा मोबाइलवर सगळ्या गोंदियाला पाठवला. मी घरी पोचायच्या आत तो कुडव्याला पोचला होता. शेजारणीने आईला दाखवला. मी आत आलो तर आई चुलीपाशी बसून हसून राहिली होती. दिनू गेल्यापासून मी तिचे दात पाहिले नव्हते.

“काऊन रे, रिकामी होती तं सोडली काऊन नाही?”

“कोणी ‘घेतलं’ म्हटलं नाही ना वो माय.” मी तिला सगळा कायदा समजावून सांगितला. मग तिच्यासाठी चहा केला, काठोकाठ, आणि कप पुढे केला.

आई अजून हसतच होती. दोन्ही हात पिठात, आणि मला चिडवायला म्हणाली, “घेतलं.”

मी सोडला.

पायावर फोड आला तो हा बघा. रिकामी पेटी घेऊन तलावात गेलो पण सोडली नाही, आणि भरला कप एका शब्दावर सोडून दिला.