नळीवरचं शिसं

शनिवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी तुळशीराम कदम भाईंदर पूर्वेच्या मिठागराच्या बांधाआड पालथा पडून गोळ्या झाडत होता. डिसेंबर १९७२. रविवारी रायफल क्लबची निवडचाचणी होती. जागा तीन, गेल्या वर्षी तो चौथा आला होता. क्लबकडे चांगली पॉइंट टू-टूची रायफल एकच, आणि वर्षभर सरावाला ती निवडलेल्यांनाच मिळे. बाकीच्यांना जुनी, महिन्यातून एकदा.

तुळशीराम केबिन रोडमागच्या कारखान्यात टर्नर. मूळ रत्नागिरीचा, वय अडतीस. चीनच्या लढाईनंतर गावोगाव रायफल शिकवायला लागले तेव्हा शिकला, तो सुटलाच नाही. गोळी सुटताना नळी थरथरते आणि गोळी त्या थरथरीतच बाहेर पडते, हे त्याला कळल्यापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नळीच्या तोंडाजवळ वजन बसवलं तर थरथर आवरेल, असा त्याचा हिशेब. त्याने पितळी कडं कातलं. ते आवळायच्या स्क्रूने नळीला ओरखडा पडला. क्लबचे सेक्रेटरी सदूभाऊ यांनी पुन्हा स्क्रू लावायला मनाई केली. मग रखवालदार धर्माने तोड काढली. धर्मा उत्तनचा, अजून जाळी विणणारा. नळीवर फडकं गुंडाळून त्याने जाळं बुडावं म्हणून लावतात ती शिशं सुताने आवळून बांधली. बांधण्याआधी सूत भिजवलं, घरी भिजवतात तसंच.

सकाळच्या पहिल्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ बसल्या. पुढच्या पाचही. ऊन वर आलं आणि टार्गेटवर भोकं पांगायला लागली. तुळशीराम उठला, चहा प्याला, परत पडला. काडतुसांना शिव्या घातल्या. कोपर सरकवलं, श्वास बदलला. भोकं आणखी पांगली.

धर्माने वाकून शिशाला बोट लावलं. शिसं नळीभोवती फिरलं.

"ही पान्यातली गाठ हाय," तो म्हणाला. "ओली हाय तवर धरते. सुकली का सैल. जाल्यात कधी सुकलेली बघितलीच न्हाय मी."

तुळशीरामने शिसं सोडलं आणि उरलेल्या दहा गोळ्या उघड्या नळीने मारल्या. त्याही पांगल्या. पण एव्हाना खाडीवरून वारा सुटला होता. सकाळी वारा नव्हता. म्हणजे पहिला नेम शिशाने साधला की शांत हवेने, हे सांगता येत नव्हतं. उघडी नळी सकाळी सातला एकदा तरी मारून बघायला हवी होती. आता सरावाच्या गोळ्या संपल्या होत्या.

दुपारी घरी त्याची बायको मंदा सुके बोंबील साफ करत होती. तो जेवायला बसला, उठला, दारापर्यंत गेला, परत आला.

"अहो, नळी थरथरतेय का तुम्ही?" ती म्हणाली. "आधी तुम्हांला शिसं बांधून घ्या."

तो चपला घालून सरळ सदूभाऊंकडे गेला.

निवडीचा नियम सदूभाऊंनी पुन्हा ऐकवला: सगळ्यांची तपासणी एकदमच, त्यानंतर रायफलमध्ये काही बदलायचं नाही, म्हणजे गाठही भिजवायची नाही. तुळशीरामचं नाव दुसऱ्या तुकडीत होतं, साडेनऊला. तोवर गाठ सुकणार, वाराही येणार. त्याने पहिली तुकडी मागितली. थंडीत सातला पालथं पडायला कोणी राजी नसतं, त्यामुळे अदलाबदल लगेच जमली.

"म्हणजे शिशाचा उपयोग आहे म्हणतोस?" सदूभाऊंनी विचारलं.

"माहीत नाही. सकाळी नेम लागला एवढं माहीत आहे. सकाळ जशी होती तशीच हवी."

सदूभाऊंनी बांधायला हरकत घेतली नाही. फेरी तासाभराची, आणि आज गाठ त्याहून जास्त वेळ टिकली होती. संध्याकाळी तुळशीराम धर्माला सांगून आला. तरी रात्री तो दोनदा उठून दार उघडून हवा बघून आला.

उद्या सव्वासहाला धर्मा सूत भिजवायला बादलीभर पाणी घेऊन येईल, पावणेसातला तपासणी होईल आणि सातला पहिली तुकडी पालथी पडेल.