उभ्या गाडीचे तास

मेहबूबभाई शेख जुनी गाडी बघायला गेले की विकणाऱ्याच्या घरचा चहा घेत नसत. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. "आधी चहा घेतला की डोळे मिंधे होतात, साहेब," असं ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले होते. ती भेट १९९७ सालची.

सातारा रस्त्यावरच्या ज्या कारखान्यात मी बी.कॉम. होऊन लागलो आणि जिथून येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन, तिथे कंपनीच्या गाड्यांचं काम माझ्याकडे आहे. गाडी घ्यायची, वापरायची, वेळेवर विकायची, कागद नीट ठेवायचे. मला गाडीतलं काही कळत नव्हतं. कागदातलं कळत होतं. गाडीतलं कळणारा माणूस बिबवेवाडीत पत्र्याच्या शेडमध्ये भेटला. वडील शमशुद्दीन ट्रकवर ड्रायव्हर होते, त्यांच्याबरोबर फिरताना मेहबूबभाई डिझेल इंजिन शिकले. शाळा सातवीपर्यंत. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

त्यांच्याबरोबर मी पहिली गाडी बघायला गेलो ती एक जीप होती. मालक गाडी सुरू करूनच दारात उभा. मेहबूबभाईंनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"उद्या सकाळी सातला येतो. तोवर हिला कोणी हात लावू नका."

"अहो, चालू करून दाखवतोय की!"

"तेच नको. गरम इंजिन गोड बोलतं. मला थंड असताना ऐकायचंय."

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनातून जो निळा धूर निघाला तो मालकाच्या तोंडावरही दिसला. आम्ही ती जीप घेतली नाही.

पुढच्या सत्तावीस वर्षांत त्यांनी आमच्यासाठी किती गाड्या पाहिल्या ते माझ्याकडे लिहिलेलं आहे, पण इथे त्याची गरज नाही. त्यांचे प्रश्न मात्र मी एका वहीत उतरवत गेलो. गाडी का विकताय? उत्तर आलं की परत, तेच, वेगळ्या शब्दांत. टायर चारही एकाच वर्षाचे का नाहीत? ही गाडी शेवटची लांब कधी गेली, आणि कोण चालवत होतं? वही पाहून ते हसायचे. "साहेब, हे लिहून ठेवून काय उपयोग? प्रश्न कोण विचारतो त्याला किंमत असते."

२०२० नंतर नव्या धर्तीची डिझेल इंजिनं आली तेव्हा त्यांच्या वयाचे बरेच मिस्त्री मागे पडले. मेहबूबभाईंनी पंचावन्नाव्या वर्षी इंजिनची माहिती वाचणारा स्कॅनर घेतला आणि वापरायला शिकले. वहीत नवे प्रश्न आले. त्यांतला एक त्यांना फार आवडायचा. "किलोमीटर नको, तास सांगा. उभी राहून किती तास चालली?" मला समजावं म्हणून त्यांनी सोपं करून सांगितलं होतं. या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी लांब पल्ल्याला पळाली की ती तापते आणि आतली काजळी जळून जाते. पण इंजिन चालू ठेवून गाडी जागेवरच उभी केली, तर काजळी साठत राहते. मीटरवर आकडा दिसतो कमी आणि गाळणी गेलेली असते. "नवी दिसणारी म्हातारी," असं ते म्हणायचे.

आता हेमाबद्दल सांगायला हवं. हेमा माझी पत्नी. नऊ वर्षांपूर्वी तिला किरणांचे उपचार घ्यावे लागले. दुखणं बरं झालं, पण तेव्हापासून तिला दर अर्ध्या तासाला संडास-बाथरूम जवळ लागतं. रस्त्यावरच्या ढाब्यांवरची सोय कशी असते ते आपल्याला माहीत आहे. तिने प्रवास सोडला. तिची धाकटी बहीण शालू दापोलीला असते. शालू पुण्याला यायची, हेमा तिकडे जाऊ शकत नव्हती. उपचारांच्या दीड महिन्यात मेहबूबभाईंच्या पत्नी कमरजहांभाभी रोज दुपारी डबा घेऊन बिबवेवाडीहून यायच्या, बिनमिरचीचं पथ्याचं करून. त्या घराशी आमचं नातं फक्त गाड्यांचं नव्हतं, हे यावरून कळावं.

निवृत्तीच्या आधीच मी ठरवलं की आतच संडास, पलंग, ओटा असलेली गाडी घ्यायची. कॅराव्हॅन. नवी कोरी परवडणारी नव्हती, दोन-तीन वर्षं वापरलेली चालणार होती. मेहबूबभाईंना सांगितलं तर ते खूष झाले.

"ताईंना दापोलीला न्यायचंय ना? मग गाडी मी शोधतो. तुम्ही फक्त वही आणा."

पाच गाड्या पाहिल्या. एकीच्या आरसी बुकात गाडीचा प्रकार बदलून घेतलेलाच नव्हता. कागदावर ती मालवाहू होती. दुसरीची पाण्याची टाकी भरून रात्रभर ठेवायला लावली, तर सकाळी खालची फरशी ओली. तिसऱ्या मालकाला त्यांनी विचारलं, "सामान, पाणी, माणसं सगळं भरून वजनकाट्यावर नेली होती का कधी?" तो म्हणाला, "ट्रक आहे का हो ही?" मेहबूबभाई म्हणाले, "ब्रेकला विचारा." प्रत्येक ठिकाणी चहा आला आणि प्रत्येक ठिकाणी परत गेला.

सहावी गाडी वारज्यात होती. मालक सर्जेराव, जुने जमीनदार. गावाची जमीन शहरात आल्यावर त्यांचे गाळे झाले, इमारती झाल्या. मेहबूबभाईंची आणि त्यांची ओळख होती. गाडी अडीच वर्षांची, पांढरी, डिझेल, मीटरवर एकोणीस हजार. हेमाही बरोबर होती. ती आतल्या छोट्या संडासाचं दार उघडून बराच वेळ उभी राहिली. मग पलंगावर बसून खिडकीचा पडदा सरकवून पाहिला. मला तिच्याकडे बघवेना.

सर्जेरावांनी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. "या, या. आधी चहा, मंग गाडी. गाडी कुटं पळून चाललीय व्हय!"

चहा आला. मेहबूबभाईंनी कप घेतला.

मी पाहिलं. चहानंतर सर्जेराव म्हणाले, "आता जेवूनच जायाचं. घरात सैपाक झालाय. साहेब, आमच्यात लाजायचं काम न्हाई." आणि मेहबूबभाई जेवलेही. माझ्या मनात एवढंच आलं की जुनी ओळख आहे, घरचा माणूस आहे.

जेवणानंतर ते गाडीपाशी गेले. बॉनेटवर तळहात ठेवला. मीही ठेवला. गरम होतं.

"सकाळीच धुवून आणली," सर्जेराव म्हणाले.

मेहबूबभाईंनी कागद पाहिले, टायर पाहिले, टाकीखाली वाकून पाहिलं, आतल्या दिव्या-पंख्यांची बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी आहे ना ते विचारलं. धूर स्वच्छ करायला लागणारा युरिया कुठला भरता, बिलं आहेत का, तेही विचारलं. मी वही धरून उभा होतो, प्रत्येक प्रश्नापुढे खूण करत होतो. तासांचा प्रश्न आलाच नाही. त्यांची स्कॅनरची पिशवी खांद्याला तशीच होती.

"स्कॅनर नाही लावायचा?" मी विचारलं.

"जेवण झालंय, साहेब. आता हात कशाला तेलकट करायचे. एकोणीस हजार तर चाललीय."

मी वहीत त्या प्रश्नापुढेही बरोबरची खूण केली. हेमा गाडीच्या दारातून म्हणाली, "अहो, ही घेऊ या." आम्ही घेतली.

दापोलीला निघालो तो दिवस शनिवार होता. ताम्हिणीच्या अलीकडे चढ सुरू झाला आणि समोर एक पिवळा दिवा लागला, मग दुसरा. पेडल पूर्ण दाबलं तरी गाडी वीसच्या पुढे जाईना. पुढे तेवढीही जाईना. कडेला लावली. हेमा आत होती, तिची सोय होती, त्या बाबतीत गाडीने फसवलं नाही. तिने शालूला फोन केला. शालू मोदकांची उकड काढून बसली होती. हेमा शांतपणे म्हणाली, "अगं, उकड झाकून ठेव. आज नाही जमत." मग फोन ठेवून तिने पडदा ओढून घेतला.

मुळशीकडून एक मिस्त्री मोटरसायकलवर आला. त्याने स्कॅनर लावला, त्याचा पडदा माझ्याकडे वळवला.

"काका, मीटर एकोणीस हजार दाखवतंय. इंजिन चार हजार एकशे तास चाललंय."

मी कॉमर्सचा माणूस. भागाकार मनातच झाला. ताशी साडेचार किलोमीटर. मी रोज सकाळी तळजाईवर याहून वेगाने चालतो. गाळणी काजळीने गच्च झाली होती. गाडी दुसऱ्या गाडीने ओढत परत आणली.

सोमवारी बिबवेवाडीत गेलो. शेडमधली निम्मी हत्यारं पोत्यांत भरलेली होती. तिथे इमारत होणार, जागा सोडायची आहे, हे मेहबूबभाईंनी मला वर्षभरापूर्वीच सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, एवढंच.

मी आकडा सांगितला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं."

"मग?"

ते फडक्याला हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते. "अंदाज होता. खडकवासल्याच्या पुढे सर्जेरावांचं हॉटेल आहे. तिथे ही गाडी पाण्याच्या कडेला खोली म्हणून लावलेली असायची, असं कानावर होतं. वीज तिथवर नाही. लोक रात्रभर एसी लावून झोपणार, म्हणजे इंजिन चालूच. म्हणून विचारलं नाही."

"म्हणून विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर सर्जेरावांनी खरं सांगितलं असतं. लपवणारा माणूस नाही तो. मग मला ते तुम्हाला सांगावं लागलं असतं. मी तुमच्याशी कधी खोटं बोललो नाही, साहेब."

"अजूनही बोलला नाहीत, असंच म्हणायचंय का?"

यावर ते खाली बसले, एका टायरवर. "वारज्यात त्यांचा गाळा आहे. रस्त्यालगतचा. मला देतो म्हणाले. भाड्याने, पण लेखी. साठीला आलेल्या मिस्त्रीला कोण गाळा देतं? आणि माझं आडनाव ऐकून किती जणांनी 'कळवतो' म्हटलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही."

"मला सांगायचं होतंत. मी दुसरी गाडी पाहिली असती. गाळ्यासाठी मी कुणाशी बोललो असतो."

"हो," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं."

"हेमा त्या गाडीत बसली होती, मेहबूबभाई."

ते उठले, भाभींनी दिलेल्या थर्मासमधून दोन कप चहा ओतला आणि एक माझ्यापुढे धरला. सत्तावीस वर्षं मी तिथे चहा घेतला होता.

"आधी गाडीचं बघू," मी म्हणालो.

त्यांनी कप हळूच खाली ठेवला. असं बोलल्यावर क्षणभर मला बरं वाटलं. नंतर तो कप थंड होताना दिसत राहिला आणि बरं वाटेना.

गाडी त्यांनी अकरा दिवस ठेवून घेतली. गाळणी स्वतः आणून बदलली, कात्रजचा घाट तीनदा चढवून उतरवली, स्कॅनरचे आकडे कागदावर सुवाच्य लिहून गाडीबरोबर पाठवले. माझ्याकडून काही घेतलं नाही. निरोप पाठवला की ताई म्हणतील तेव्हा दापोलीपर्यंत मी चालवतो. मी नको म्हटलं.

हेमाला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "त्यांनी वाईट केलं. पण दीड महिना डबा आला होता, तोही मी खाल्लाय." डिसेंबरमध्ये मी गाडी काढली. ताम्हिणी ओलांडताना मी दिव्यांकडे बघत होतो आणि हेमा बाहेर. एकही दिवा लागला नाही. शालूच्या अंगणात ती गाडीच्या पायऱ्या उतरून स्वतःच्या पायांनी गेली. नऊ वर्षांनी. चार दिवस राहिलो.

मेहबूबभाईंचं गॅरेज आता वारज्यात आहे. महामार्गावरून पाटी दिसते. काम जोरात आहे, असं ऐकतो. लोक त्यांना गाड्या दाखवायला नेतात आणि ते अजूनही कुणाच्या घरचा चहा घेत नाहीत. आमच्या सोसायटीतले मच्छिंद्रराव परवा कॅराव्हॅन घ्यायची म्हणून माझ्याकडे आले. मी त्यांना वही दिली.

"मेहबूबभाईंना बरोबर नेऊ ना?" त्यांनी विचारलं.

"न्या. त्यांच्याइतकं डिझेल पुण्यात कुणाला कळत नाही. फक्त गाडी कोणाची आहे, आणि त्या माणसाकडे तुमचं काही अडलंय का, हे आधी त्यांना विचारा."

"असं तोंडावर कसं विचारायचं हो?"

"मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं."

दापोलीहून निघताना हेमाने शालूकडून आमसुलांच्या दोन पिशव्या घेतल्या होत्या. एक आमच्यासाठी, एक कमरजहांभाभींसाठी. दुसरी गाडीतल्या ओट्याखालच्या खणात आहे. सुरुवातीला हेमा विचारायची, "वारज्याला गेला होतात का?" मी म्हणायचो, "अजून जमलं नाही." ते खोटं नव्हतं. आता मे संपत आला. खण उघडला की वास येतो, म्हणून मी तो खण उघडत नाही. आणि हेमाने विचारणं सोडलं आहे.