मानसिंग मास्तरांचा गंधार

मानसिंग मास्तर बारामतीच्या आमच्या शाळेत कवायत शिकवायचे. नोकरी हंगामी. चोपन्न साली हेडमास्तरांनी त्यांना बजावलं, संगीताचा वर्ग चालवून इन्स्पेक्टरसाहेबांना खूश केलंत तर कायम करू, नाहीतर निरवांगीला जाऊन घरची शेती बघा. मास्तरांचा आवाज मोठा होता. संगीत शिकवायला हेडमास्तरांना तेवढं पुरेसं वाटलं.

सप्तक म्हणजे काय, शुद्ध स्वर किती, कोमल कोणते, हे मास्तरांनी पुस्तकातून पाठ केलं आणि आमच्याकडून घोकून घेतलं. राहता राहिलं गाणं. त्यांनी सणसरच्या भजनी मंडळाची पेटी एका दिवसापुरती मागून आणली, सात पोरं ओळीत उभी केली आणि प्रत्येकाला एकेक पट्टी दाबून दाखवली. ज्याचा सूर त्यानंच सांभाळायचा, दुसऱ्याच्या सुराला तोंड लावायचं नाही. मी धैवत होतो. शिट्टी झाली की रांगेनं ओरडायचं. कवायत इतकी सुरेल कुठंच होत नसेल.

गंधार त्यांनी सिद्धूला दिला. सिद्धू धनगराचा. दिवाळी झाली आणि तो घरच्यांबरोबर मेंढरं घेऊन कोकणात गेला. दरसालचं हे जाणं धनगरांच्या शेजारात, निरवांगीत वाढलेल्या माणसाच्या ध्यानात राहू नये, म्हणजे पुस्तकाचा अभ्यास फारच झाला म्हणायचा.

पुढच्याच आठवड्यात इन्स्पेक्टर आले. शिट्टी झाली. सा, रे, आणि मग सगळं चिडीचूप. गंधाराला लागेल तेवढा वेळ आम्ही शिस्तीत थांबलो आणि मग मध्यमापासून पुढं निघालो.

"गंधार कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"ते पोरगं कोकणात गेलंय, साहेब. बाकीच्यांना त्यो येत न्हाय."

"मग तुम्ही म्हणा."

मास्तरांनी गंधाराची व्याख्या म्हटली.

"व्याख्या नको. सूर लावा."

मला मास्तरांची खरोखर दया आली.

"माझा गळा कवायतीचा हाय, साहेब. तुमी येकदा लावून दावा, मी धरतो."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. घसा खाकरला. मग त्यांना एस.टी.ची वेळ आठवली. जाताना त्यांनी शेरा लिहिला, 'संगीतशास्त्राचा पाया भक्कम.'

मास्तर कायम झाले. संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी पेढे खायला गेलो. त्यांच्या पत्नी, सारजाबाई, भलत्याच खुशीत होत्या.

"लई ग्वाड झालं," त्या म्हणाल्या. "आता आमाला येकदा गाऊन तरी दावा."

मास्तरांनी पेढा तोंडात टाकला.

"आता कशाला?" ते म्हणाले. "कायम झालो की."